सहा बोटांचा मासा

लहानपणी मला न्यूमोनिया झाला तेव्हा आईने देवाला सांगितलं, पोरगी जगू दे, मिशीचा मासा सोडते. तिचं माहेर तापीकाठचं, शिंगाळ्यावर तिचा जीव, आणि शिंगाळ्याला मिशा भरघोस. मी जगले. आईने झिंगे आणि सुकटही सोडली, कारण मिशा त्यांनाही असतात. पुढे मी नंदुरबारच्याच एका कॉलेजात प्राण्यांचं वर्गीकरण शिकवू लागले, पण इतकं कडक वर्गीकरण मला कुठल्याही ग्रंथात सापडलेलं नाही.

आता तिचे दात गेलेत. रोहू-कटल्याचे काटे जमत नाहीत, आणि कमी काट्यांचे मासे नेमके मिशीवाले. माझ्यापायी तिने वरणात भाकरी कुस्करून खावी, याचा मला राग येतो. तिला एकदा पोटभर मासा खाताना बघायचं होतं.

परवा बाजारात सुरतेहून बर्फात आलेला मासा दिसला. विकणारा त्याला छोटा रावस म्हणत होता. कल्ल्यामागे लोंबणारे धागे मी मोजले, सहा भरले. खांद्यावर काळा ठिपका. पॉलीडॅक्टिलस! म्हणजे पुष्कळ बोटांचा, आणि काटेही कमी. भाव न करताच घेतला, तेव्हा विकणाराच घाबरला.

घरी आईने धागे पाहिले आणि मासा ठेवलेलं ताट मागे सारलं.

“ह्याले मिश्या शेतस. माले चालत नही.”

“मिशी तोंडले ऱ्हास, माय. ह्या बोटं शेतस.”

मग मी तास घेतला. छातीवरच्या, पोहायच्या पराच्या खालच्या काड्या सुट्या होऊन हे धागे झालेत, त्यांनी मासा तळाचा चिखल चाचपतो. शास्त्रज्ञांनी या कुळाला आधी बोय माशाच्या शेजारी बसवलं, मग तिथून उठवलं, हल्ली जनुकं तपासून चपट्या माशांकडे धाडलंय. पण शिंगाळ्याच्या पंगतीला काही बसवलं नाही. आईने एकेक धागा मुळापर्यंत ओढून पाहिला. खरंच तोंडापासून लांब होता.

“पन देवले कोन समजाडी?”

“मी समजाडसू.”

एवढ्यावर ती तयार झाली. काळा मसाला घालून मीच रस्सा केला. आईने तुकडा मोडला, भाकरीत धरला, घास ओठांपर्यंत नेला. आनंदाच्या भरात मीही भुरका मारला आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

आईचा हात तिथंच थांबला.

“दख, खोकलनी तू!”

मिरचीचा ठसका आहे, असं सांगायला माझ्याकडे आवाजच नव्हता. तिने घास ताटात ठेवला, माझ्या पाठीवर हात फिरवत छताकडे पाहून पुटपुटत माफी मागितली. माझे केस पांढरे झालेत, पण तिच्या हाताला ते ठाऊकच नव्हतं. माझा श्वास जागेवर आल्यावर तिने तोच घास चाचपून, काटा नाही ना बघून, माझ्या तोंडात घातला.

“खाय व माय, तू खाय.”

मी सगळा मासा खाल्ला. ती वरणात भाकरी कुस्करून जेवली, आणि आम्हा दोघींत पोट भरल्यासारखी तीच दिसत होती.