पाठकोरं पत्र

यादी केल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. बाजाराची यादी, औषधांची, कोणाचा डबा परत द्यायचा राहिलाय त्याची. एक गोष्ट मात्र तेरा वर्षांत कुठल्याच यादीत चढली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे — आणि बघा, अजून डब्यांवरच आहे.

गोष्ट एका कव्हर लेटरची आहे. एवढीशी वाटते ना?

करी रोडला आमच्या टॉवरमधली मुलं रविवारी माझ्याकडे नोकरीचे अर्ज घेऊन येतात. पहिला प्रश्न ठरलेला — कव्हर लेटर लिहायचं का? मी सांगते, लिहायचं. अर्धं पान. बायोडेटात मावत नाही तेवढंच लिहायचं. 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' हे वाक्य खोडायचं, ते दुसऱ्याने म्हणायचं असतं. त्याऐवजी केलेलं एक काम सांगायचं, अगदी नेमकं. मुलांना वाटतं, इतकी वर्षं ऑफिसात काढली म्हणून काकींना हे कळतं.

तसं नाही. मी हे एका पत्रावरून शिकले. ते माझ्या धाकट्या जावेने लिहिलं होतं. मनीषाने.

तेव्हा इथे चाळ होती. तिची खोली आणि आमची खोली, मध्ये एक भिंत. मी दादरला एका ट्रस्टच्या ऑफिसात कामाला होते — गावाकडून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी ते वसतिगृह चालवतात. तिथे क्लार्कची एक जागा निघाली. जाहिरात मीच टाइप केली होती, घरी मीच बोलले होते. मनीषा म्हणाली, "वहिनी, मी टाकू अर्ज? तन्वी आता मोठी झाली." मी म्हटलं, टाक की.

तिचा बायोडेटा अर्ध्या पानाचा. लग्नाआधी परळच्या एका लॅबमध्ये दोन वर्षं नोकरी, आणि पुढे अकरा वर्षं कोरी. पण वर एक पत्र जोडलेलं होतं, हाताने लिहिलेलं, मराठीत. त्यात काय होतं सांगू? 'अकरा वर्षं मी नोकरी केलेली नाही. या काळात आमच्या चाळीच्या पुनर्विकासासाठी बत्तीस बिऱ्हाडांची कागदपत्रं मी गोळा केली. कोणाची भाडेपावती सापडत नव्हती, कोणाच्या रेशनकार्डावर नाव चुकलं होतं. प्रत्येक घराची वेगळी फाइल केली. एकही कागद हरवला नाही, आणि कोणाशी भांडण झालं नाही.'

ती अकरा वर्षं काय होती, ते या चार ओळींत होतं. बायोडेटात ते कुठून येणार?

मी पत्र दोनदा वाचलं. मग ती समोर बसलेली असताना नखाने पिन उचकटून ते बाजूला काढलं. म्हटलं, "कव्हर लेटर कोणी वाचत नाही गं. उगाच कागद वाढतात. नुसता बायोडेटा दे, मी नेते."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "नाहीतर हसले असते मला. ठेवा तो कागद तुम्हाला, पाठकोरा आहे. यादीला होईल."

आता ते सांगते, ज्याच्याभोवती एवढा वेळ फिरते आहे. त्या ऑफिसात अर्जांची पहिली चाळणी माझी होती. मी तक्ता करायचे — नाव, शिक्षण, अनुभव, पत्र. पत्र नसलेले अर्ज खालच्या गठ्ठ्यात. जाहिरातीत तसं काही म्हटलेलं नव्हतं. नियम माझाच होता, आणि तो मला मनीषा समोर बसलेली असताना नीट आठवत होता.

का केलं? दहा ते सहा मी तिथे कोणाची सून नव्हते, कोणाची वहिनी नव्हते — मॅडम होते. मनीषा जाईल तिथे दोन दिवसांत सगळे तिचे होतात. चाळीत झालेच होते. शिवाय तसं पत्र मला कधी लिहिता आलं नसतं. एवढंच. यात काही जोडायला गेले तर ती सबब होईल.

तिचा अर्ज गठ्ठ्यात आला तेव्हा कोपऱ्यात पिनेची दोन भोकं दिसत होती. 'पत्र'च्या रकान्यात मी फुली मारली. सेक्रेटरीसाहेबांनी आडनाव पाहिलं. "नात्यातल्या का, मॅडम?" मी म्हटलं, "जाऊ आहे, साहेब. पण नियम सगळ्यांना सारखा." त्यांनी हे पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं — निःपक्षपाती कसं असावं, म्हणून. मी मान खाली घालून बसले. लोकांना तो विनय वाटला.

मनीषाने पुन्हा ऑफिसात अर्ज केला नाही. "माझ्या अकरा वर्षांचं कोण काय लोणचं घालणार?" म्हणायची. लालबागला औषधाच्या दुकानात काउंटरवर लागली. अजून तिथेच आहे. दिवसभर उभं राहून पायांच्या शिरा फुगल्यात. घट्ट मोजे घालते, ते संध्याकाळी काढताना तन्वी मदत करते.

पत्र माझ्याकडे आहे. मागे माझ्या अक्षरात यादी — तूरडाळ, रवा, उदबत्ती, खोबरेल. हो, लिहिली मी. त्याच आठवड्यात.

गेल्या रविवारी तन्वी आली. पहिल्या नोकरीचा अर्ज. "काकी, कव्हर लेटर लिहू की नको? आई म्हणते कोणी वाचत नाही. वर तुझंच नाव सांगते."

मी म्हटलं, लिही. दोघींनी बसून लिहिलं. चांगलं झालं. मनीषा चहा घेऊन आली, तिने ते उभ्यानेच वाचलं आणि हसत म्हणाली, "काय वहिनी, मला तर तुम्ही नको म्हणाला होतात."

"तेव्हाचं वेगळं होतं गं," मी म्हटलं. "आता काळ बदललाय."

"ते पण खरंच," ती म्हणाली, आणि बशी माझ्याकडे सरकवली.

काळ काही बदललेला नाही. पत्रं तेव्हाही वाचली जात होती. त्या ऑफिसात ती मी वाचत होते. मनीषाचं मी वाचलं होतं. दोनदा.