आजोबांची मेडलं

दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत एक मराठी शेजारी आहेत, ते कुणालाच नाही म्हणत नाहीत. वाद पार्किंगचा असो की लिफ्टचा, मान डोलावून म्हणणार, "बिल्कुल, बिल्कुल!" मला चीड यायची.

यंदा सव्वीस जानेवारीला ते कोटाच्या उजव्या बाजूला आपल्या आजोबांची मेडलं लावून आले. आजोबांनी ती महायुद्धात, पार इटलीत लढून मिळवलेली. सोसायटीचे सेक्रेटरी हसले. "अंकल, मेडल लेफ्ट में लगाते हैं," म्हणत त्यांनी ती काढायला हात पुढे केला. शेजाऱ्यांनी तो हात वरच्यावर धरला.

"बिल्कुल नहीं. लेफ्ट उनका, जो खुद लड़े."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आपण काय, नुसती खुंटी."

झेंडा वर जाईपर्यंत ती खुंटी ताठ उभी होती.