डॉक्टरबाबूंच्या गाडीची डावी काच

बातमी ताईनंच दिली. सकाळचे साडेनऊ झाले असतील, मी दुकानाचं शटर अर्धंच उचललं होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "शालिक, तुहे भाऊजी उठून नाई राह्यले. चहा ठेवला होता, थंडा झाला..." आवाज रडवेला नव्हता. मी येऊन जरा हलवलं की ते उठतील, अशा भरवशानं तिनं मला बोलावलं. मी गेलो, हलवलं. ते उठले नाहीत.

पुंडलिकभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मंदाताईचे नवरे, आणि चंद्रपुरात मूल रोडवर आमचं जे दुकान आहे त्याचे मालक. दुकान गाड्यांच्या दारांचं आणि काचांचं. इंजिनाला आम्ही हात लावत नाही. दार लोंबलं, काच अर्ध्यात अडकली, चालत्या गाडीत वाऱ्याची शिट्टी वाजू लागली, की मेकॅनिक लोक गाडी आमच्याकडे पाठवतात. बावीस वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं. ते गेल्यावर विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, चार लोक चांगलं बोलले. नंतर बाहेर चहा घेताना आमच्या शेजारचे रंगारी रज्जाकभाई डोळे पुसत म्हणाले, "हाथ का जादूगर था अपना पुंडलिकभाई. बस आखरी के पाँच-छे साल हाथ चला गया था बिचारे का. वो डॉक्टरबाबू की गाडी के बाद से..." आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. मान माझीही हलली.

भाऊजींचा हात गेला नव्हता. ती काच मी बिघडवली होती. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली, आणि तेही ते वाचायला उरले नाहीत तेव्हा लिहितो आहे. माझ्याबद्दल कोणाला काय वाटायचं ते वाटो. त्यांच्या नावावर जी गोष्ट चिकटली आहे ती काढायची आहे, एवढ्यासाठी हा लेख.

भाऊजी मूल गावाकडच्या एका खेड्यातले. घरी धानाची थोडी शेती, भाऊ जास्त. चंद्रपुरात आले ते कोळशाच्या खाणीवर चालणाऱ्या डंपरांच्या काचा बसवायला. डंपरची काच बसवणं म्हणजे ताकदीचं काम, पण यांनी त्यातून नजर कमावली. दाराभोवतीची फट ते लांबून पाहत आणि सांगत, "वरचा बिजागरा खाल्ला आहे यानं." खोलून पाहावं तर खरंच. एकदा भामरागडला एका जीपच्या कामाला गेलो आणि नदीला पूर येऊन रस्ता बंद झाला. चार दिवस अडकलो. मी पत्ते खेळलो. भाऊजींनी गावातल्या आश्रमशाळेची ओलीनं फुगलेली कपाटं, रेशन दुकानाचं वाकलेलं शटर आणि ज्या घरी उतरलो होतो त्या घराचं मागचं दार, एवढं सगळं नीट करून ठेवलं. घरधनीण म्हणाली, "भाऊ, दोन वर्सं झाली, हे दार लागतच नोहोतं." तर हे म्हणाले, "दार लागाचंच असते बाई. आपन त्याले लागू देत नाई." त्या वाक्यावर मी नंतर पुष्कळ दिवस त्यांची नक्कल करून लोकांना हसवलं.

डॉक्टरबाबू मुलचेऱ्याचे. तिकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावांत सारी उमर दवाखाना चालवलेले, आता ऐंशीच्या घरात. त्यांच्या थोरल्या भावाच्या पश्चात त्याची गाडी यांच्याकडे आली. जुनी, लांबोडकी, दोनच दारांची, मागं छत उतरत गेलेलं. गाडीचा त्यांना भारी जीव. पण पावसात तिच्यात बसणं म्हणजे आंघोळ. नागपूरपर्यंत दाखवून आले होते. मग कोणीतरी आमचं नाव सांगितलं.

साध्या गाडीत काचेभोवती लोखंडी चौकट असते. काच त्या चौकटीच्या खाचेतून वर जाते, तिला चुकायला जागाच नसते. या गाडीच्या दाराला चौकट नव्हती. दार कमरेपर्यंत आणि त्यावर नुसती उघडी काच उभी. दार लावलं की त्या काचेनं आपणहून जाऊन छताच्या कडेच्या रबरात बसायचं. जरा बाहेर राहिली तर पाणी आत, जास्त आत कलली तर रबर मुडपते आणि दारच लागत नाही. ती किती वर जावी, पुढं-मागं कुठं थांबावी, आत किती कलावी, हे सगळं दाराच्या पोटातल्या पाच-सहा बोल्टांवर. भाऊजींनी पहिल्या दिवशी काचेला हातच लावला नाही. मी म्हटलं, "भाऊजी, काचीसाठी आली ना गाडी? तुम्ही बिजागरे काऊन खोलून राह्यले?" ते म्हणाले, "दार लोंबून आहे बे. दारच वाकडं उभं असन तं काच काय करन बिचारी?"

मग काच. खालचा बोल्ट ते सैल करत, बोटानं पट्टी सरकवत, पुन्हा कसत. "खाली तांदळाएवढं सरकलं का वर बोटाएवढं सरकते," हे त्यांचं मोजमाप. दर वेळी वर्तमानपत्राची पट्टी फाडून काच आणि रबर यांच्यामध्ये धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. कागद सहज सुटला नाही पाहिजे आणि फाटलाही नाही पाहिजे. ओढताना ते डोळे मिटत. रज्जाकभाई पलीकडून ओरडत, "सो गया क्या पुंडलिकभाई?" हे डोळे न उघडता म्हणत, "तुहा रंग वाळेलोक दोन काचा होतेत माह्या." पण यावेळी नाही झाल्या. चार दिवस लागले. चौथ्या दिवशी दुपारी काचेच्या पूर्ण कडेनं कागद सारखाच निघू लागला, पुढं जेवढा घट्ट धरलेला तेवढाच मागं. असं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतर माझ्या हातून झालेलं नाही.

त्याच दुपारी डॉक्टरबाबू गाडी न्यायला आले. बरोबर त्यांच्या पत्नी. काकींच्या डोळ्याचं आदल्या दिवशी इथंच ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी, पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही अशी ताकीद. भाऊजींनी दारं उघडून दाखवली, लावून दाखवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टरबाबू, माह्या मागं हाच आहे. डावी काच अर्धी यानंच बसवली." खोटं होतं ते. मी बॅटरी धरली होती आणि बोल्ट धुऊन दिले होते. ते हात धुवायला मागं गेले. काकींना बसवून मी डावं दार लावलं. कसं लावलं? काचेची वरची कड धरून, लोटून. सगळा जन्म जीपा आणि डंपर हाताळलेला आमचा माणूस दार असंच लावतो, चौकट धरून. बिनचौकटीच्या दाराला तेवढं करायचं नसतं, तिथं हात खाली पत्र्यावरच ठेवायचा. भाऊजींनी चार दिवसांत मला हे दहादा बजावलं होतं. दाराच्या पोटात बारीकसा आवाज झाला... खट्. काच वरून जशीच्या तशी दिसत होती. मी ती खाली-वर करून पाहिली. चालली. तेव्हा मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं, "भाऊजी, एकदा पुन्हा कागद लावून पाहा." तासाभराचं काम होतं. पण माझ्या खांद्यावर त्यांचा हात नुकताच पडून गेला होता, आणि मला तो उतरवायचा नव्हता. गाडी गेली.

गोंडपिपरीच्या पुढं पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाबू बसनं एकटेच आले आणि भर दुपारी, सगळ्या ओळीतल्या दुकानदारांसमोर बोलले, "पुंडलिक, गाडी के अंदर छाता खोलना पडा मेरे को. बीवी के सर पे पकडके बैठा मैं. उसकी आँख लाल हो गई है. तेरा हाथ गया अब. आराम कर, घर बैठ." काकींचा डोळा पंधरा दिवसांनी सुधारला. पण त्या दुपारी कोणालाच ते ठाऊक नव्हतं. भाऊजींनी आपले दोन्ही तळवे पाहिले, उलटे करून पाहिले, आणि म्हणाले, "असन बाबू. वय झालं."

दुसऱ्या दिवशी अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन ते मुलचेऱ्याच्या बसमध्ये बसले. मीही गेलो. डॉक्टरबाबूंच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांनी डाव्या दाराचं आतलं आवरण काढलं, बराच वेळ आत पाहत राहिले आणि म्हणाले, "पॅकिंगवरून सरकली आहे." बस, एवढंच. पॅकिंग म्हणजे काचेचं बूड धरणारी रबराची पट्टी, आणि काच तिच्यावरून सरकते ती कोणी वरून लोटल्यावरच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, मला सांगता येत नाही. मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. त्यांना कळलं होतं का, हा प्रश्न मी सहा वर्षं उलटसुलट करतो आहे. संध्याकाळच्या बसपर्यंत त्यांनी काच पुन्हा बसवली. डॉक्टरबाबूंना हात जोडून म्हणाले, "चूक माहीच होती." मी पिशवी भरत होतो.

त्यानंतर भाऊजी काम करत राहिले, पण कुठलंही दार त्यांनी स्वतःच्या भरवशावर सोडलं नाही. काम संपलं की मला हाक मारत, "शालिक, जरा पाय बा एकदा. मले भरोसा नाई वाटत आता." ज्यानं त्यांचा भरवसा घालवला त्यालाच ते विचारत होते. मी जायचो, कागद लावायचो, ओढायचो. दर वेळी काम चोख. "ठीक आहे भाऊजी," म्हणायचो. ते मान हलवायचे, पण चेहऱ्यावरून कळायचं की त्यांना पटलेलं नाही. त्या सहा वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या एकाही दारातून थेंब आला नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, कारण प्रत्येक दार शेवटी मी तपासलेलं आहे. म्हातारपणी हात सुधारत जाणारा कारागीर मी एकच पाहिला. आणि ते त्यांना मी सोडून कोणीच सांगू शकत नव्हतं.

कार्यक्रमानंतर आठवड्यानं मी ताईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "रात्री झोपताना हात पाहत राह्याचे ते. म्या म्हणाची, काय पायता, काही नाई झालं हाताले. तं म्हणत, तुले काय समजते त्याच्यातलं." मग ताट उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी मी मुलचेऱ्याला गेलो. डॉक्टरबाबू आता काठी घेऊन चालतात. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, ऐकलं. "छे साल?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "उस दिन के बाद गाडी में एक बूँद नहीं आया. मैं एक बार भी उसको बताने नहीं गया." मग काठी टेकत उठले. "मैंने सबके सामने बोला था. वापस भी सबके सामने लेना पडेगा."

पुढच्या रविवारी ते दुकानावर आले, नातू गाडी चालवत होता. मी सगळ्यांना आधीच बोलावून ठेवलं होतं, ताईलाही. सगळ्यांसमोर उभं राहून मी सांगितलं की काच मी बिघडवली होती, भाऊजींनी नाही. रज्जाकभाईंच्या हातातला पॉलिश पेपर तसाच राहिला. "और तू मेरे साथ गर्दन हिला रहा था बे? उनके कार्यक्रम में?" मी हो म्हटलं. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरबाबू मध्ये पडले, म्हणाले, "इसको बाद में देखो. मैंने भी गलत बोला था, वापस लेता हूँ. पहले पानी मारो गाडी पे." समोरच्या वॉशिंग सेंटरवाल्यानं पाईप ओढून आणला. रज्जाकभाई म्हणाले, "अंदर कोई बैठेगा तभी तो मालूम पडेगा." तेव्हा ताई पुढं झाली. बावीस वर्षांत भाऊजींनी नीट केलेल्या एकाही गाडीत ती बसली नव्हती. "सरका," म्हणाली, "मी बसतो."

ती डाव्या बाजूला बसली, काकी बसल्या होत्या तिथंच. पाण्याचा झोत छतावर, दारावर, काचेच्या कडेकडेनं फिरला. वॉशिंगवाल्यानं पाईपचं तोंड दाबून अगदी फटीवर धरलं. आतलं काही दिसेना, फक्त तिच्या लुगड्याचा निळा रंग हलत होता. पाणी बंद झालं तरी दार उघडलं नाही. मी पुढं जाऊ लागलो तर डॉक्टरबाबूंनी काठी आडवी धरली. आम्ही दहा-बारा माणसं बाहेरून निथळणारी गाडी पाहत उभे. शेवटी ताई उतरली. पदर दोन्ही हातांत ताणून धरला आणि सरळ रज्जाकभाईंपुढं नेला. "पाय भाऊ. कुठी ओलं आहे, दाखव." रज्जाकभाई खरंच वाकून पाहू लागले. मग पुढच्या दुकानदाराकडे, मग त्याच्या पुढच्या. ओळीत एकालाही तिनं सोडलं नाही. साठीची माझी बहीण त्या रस्त्यावर अशी मान वर करून चालताना मी पहिल्यांदा पाहिली.

माझ्याशी ती अजून कामापुरतंच बोलते. ते बरोबरच आहे. त्या दिवशी डॉक्टरबाबूंनी तिला बाबूपेठेतल्या घरी सोडतो म्हटलं आणि ती पुन्हा डाव्या बाजूला जाऊन बसली. पाऊस नव्हता, ऊन रणरणत होतं, जुन्या गाडीला ना पंखा ना एसी. तरी गाडी रस्त्याला लागली तेव्हा तिनं काच पूर्ण वर घेतलेली होती.