धामापूरच्या तळ्याचं उसनं पाणी

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आले. पांढऱ्या साडीतली बाई, मागून येणारी हाक... वाचायचं, हसायचं आणि ‘या माणसाची शुगर एकदा तपासायला हवी’ म्हणून पान उलटायचं. मी मालवणात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ज्याचा नमुना घेता येत नाही त्याच्यावर माझा विश्वास नाही. तरीही लिहायला बसले, कारण गेल्या मे महिन्यात जे झालं त्याचा संताप अजून डोक्यातून गेलेला नाही. हो, संतापच. घाबरायला मला वेळ होता कुठे?

घरात आम्ही दोघीच — मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. नवरा, निलेश, बोटीवर इंजिन रूममध्ये असतो. जहाजाची अवाढव्य इंजिनं सांभाळणारा माणूस, आणि त्याच्या घरची गाडी बघाल तर दिव्याखाली अंधार. आईंचा डावा डोळा डायबेटिसने गेला, उद्या जाऊ परवा जाऊ करता करता. उजव्याच्या पडद्याला सूज येते म्हणून दर महिन्याला गोव्याला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं की तारीख चुकवू नका, गेलेली नजर परत येत नाही. त्यामुळे आमच्या घरात गाडी ही चैन नव्हती. आईंचा उरलेला डोळा त्या गाडीवर होता.

आणि नेमकी इंजेक्शनच्या आधी गाडीने मान टाकली.

नेरूरला आईंच्या माहेरी पूजा होती. परत येताना धामापूरजवळ तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ. रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला तडा गेला होता, पाणी सगळं रस्त्यावर. दुपारचं ऊन, रस्त्याला चिटपाखरू नाही. डिकीत रिकामा कॅन होता. तळं समोरच, काठावरच्या देवळाच्या पायऱ्या उतरलं की पाणी. मी कॅन उचलला, तर आई सीटवरूनच म्हणाल्या, “तसाच घेव नको गो. आधी तळ्याक सांग. घेतलेला परत हाडून देतंय म्हणान सांग, मगे घे.”

या तळ्याची गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना माहीत असते. पूर्वी म्हणे लग्नाकार्याला दागिने लागले की लोक तळ्याकडे मागत, तळं देई, आणि कार्य झालं की ते परत सोडायचे. मग कोणीतरी परत केले नाहीत आणि तळ्याने देणं बंद केलं. ठीक आहे, पण ती सोन्याची गोष्ट. मला हवं होतं कॅनभर पाणी, तेही वाफाळत्या गाडीसाठी. मी कोणाला काही सांगितलं नाही. भरून आणलं.

वर येऊन बघते तर आई डोळे मिटून, हात जोडून पुटपुटत होत्या. म्हणाल्या, “मी सांगलंय. तुझ्या नावान.”

“माझ्या नावान कित्याक?” मी विचारलं. त्या पदराने वारा घ्यायला लागल्या. न विचारता माझ्या नावावर उसनवारी! मी बॉनेट जरा जोरातच आपटलं. थांबत, पाणी ओतत कसंबसं घर गाठलं.

मे महिना म्हणजे चाकरमान्यांचा. प्रत्येक गॅरेजात मुंबईच्या गाड्या लागलेल्या. आमचा नेहमीचा मेकॅनिक, राजन, म्हणाला, गाडी आणून ठेवा, बघू पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात तर आमची तारीख. टॅक्सीवाल्यांना विचारलं, सगळे पर्यटकांना घेऊन तारकर्लीला. शेवटी एकाने हो म्हटलं, पण तोंड कसनुसं करून. एसटीत आईंना उलट्या होतात. मग निलेशला मेसेज केला. समुद्रातून त्याचा व्हॉइस मेसेज आला — अगं, रेडिएटर बदलूक काय लागता, चार बोल्ट आणि दोन होज, तू करशीत. सोबत एक व्हिडिओ.

चार बोल्ट! व्हिडिओतल्या माणसाच्या गाडीला मालवणचा खारा वारा लागला नव्हता. आमच्या बोल्टांना असा गंज की पहिला फिरेना आणि दुसरा फिरला तो तुटूनच हातात आला. खालच्या होजचा, म्हणजे रबरी पाइपचा, क्लॅम्प पकडीने दाबला की निसटायचा, आणि प्रत्येक वेळी माझ्या बोटाचं साल घेऊन जायचा. रेडिएटरातलं उरलंसुरलं पाणी अंगणात सांडलं, ते मी खराट्याने गटारात लोटलं. आई पडवीत बसून होत्या. म्हणाल्या, “ता तळ्याचा पाणी गो.” मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

कुडाळहून मागवलेला नवा रेडिएटर आला तो खालचे रबरी बूश न घेताच. ते जुन्याचेच काढून लावले. फॅन बसवला तर त्याची वायर पोचेना, मग सगळं परत खोलून वायर फिरवून घेतली. पण सांगते, बसवला. एकटीने. इंजिन गार ठेवणारा हिरवागार कूलंट ओतला, इंजिन चालू ठेवून हवा काढली, कुठेही थेंब नाही. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं, तर रेडिएटर रिकामा.

अर्धा नाही, कमी नाही. रिकामा. आतल्या नळ्या कोरड्या दिसत होत्या. गाडीखाली पेपर अंथरले होते, त्यांच्यावर डागसुद्धा नाही. होज पुसून बघितले, कोरडे. आतल्या मॅटखाली हात घातला, कोरडं. ऑइल काढून बघितलं... इंजिनात पाणी गेलं तर ते दुधट होतं म्हणतात. अगदी स्वच्छ होतं. आणलेला कूलंट संपला होता, म्हणून विहिरीचं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी तेही गायब. परत भरलं, परत गायब. मी अंगणात उभी राहून त्या गाडीला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. शेजारच्या काकी खिडकी लावून घ्यायच्या.

राजनला हातापाया पडून बोलावलं. त्याने पंप लावून प्रेशर चढवून बघितलं, पंपाचा काटा जागचा हलला नाही. म्हणाला, वहिनी, ह्या लीक नाय. मग पाणी जातं कुठे? त्यावर त्याने खांदे उडवले आणि मुंबईच्या गाड्यांकडे निघून गेला.

आई रोज एकच सांगायच्या, की पाणी नेऊन दे. मी रोज एकच सांगायची, की आई, तळं इथून रेडिएटरातलं पाणी ओढत नाही. एकदा तर मी भडकून म्हटलं की तुम्हीच माझ्या नावाने घेतलंत, तुम्हीच द्या. त्यावर त्या नुसत्या माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिल्या. हल्ली त्यांना माझं तोंड नीट दिसत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. ताटातला मासा चाचपून काट्यासकट तोंडात घालायला लागल्या होत्या.

तारखेच्या दिवशी सकाळी टॅक्सीवाल्याने फोन उचलला नाही. अपेक्षितच होतं. मी रेडिएटर भरला, विहिरीच्या पाण्याचा एक कॅन डिकीत टाकला, आईंना बसवलं आणि निघाले. म्हटलं, जाईल तिथपर्यंत जाईल.

कुठपर्यंत गेली ते तुम्ही ओळखलंच असेल. तळ्याशी काटा लाल.

मी बॉनेट उघडून वाट बघत बसले. जरा निवल्यावर जुना टॉवेल धरून झाकण काढलं. ठणठणीत कोरडा. मी कॅन उचलला, तर आत बसलेल्या आई म्हणाल्या, “ता तळ्यात घाल.”

माझा बांध फुटला. “आई, ह्या ओतलंय तर रेडिएटरात काय घालू, माझा डोक्या? डॉक्टर थांबतलो काय आमच्यासाठी?”

त्या शांत होत्या. “घाल गो. दिल्याशिवाय पुढे जावचा नाय.”

मी कॅन घेऊन पायऱ्या उतरले ती भक्तीने नाही, रागाने. म्हटलं, ओतते, परत येते, रिकामा रेडिएटर यांच्या पुढ्यात दाखवते आणि हा विषय कायमचा संपवते. तळ्याचं पुन्हा घेतलं तर आईंची पुन्हा उसनवारी, त्यापेक्षा वर वाडीतल्या एखाद्या घरातून बादली मागून आणेन. तळ्यात कॅन उपडा केला आणि मोठ्याने म्हटलं, “घे. माझ्या नावावरचं.” वेडी दिसत असेन. रडत होते, हेही सांगून टाकते. त्या डोळ्याची तारीख चालली होती आणि मी तळ्यात पाणी ओतत होते.

वर आले. बॉनेट तसंच उघडं, झाकण बॅटरीवर मी ठेवलं तिथेच. आत बघितलं.

रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला होता. हिरव्या कूलंटने.

बोट घातलं. इंजिनाला हात लावला तर चटका बसत होता, आणि बोटाला लागलेला कूलंट गार. गडद हिरवा, पहिल्या दिवशी मी बाटलीतून ओतला होता तसाच. त्यानंतर मी विहिरीचं किती पाणी घातलं होतं! काही उरला असता तरी फिका व्हायला हवा होता. रंग बघून सांगणं हे माझं रोजचं काम आहे, तिथे माझी चूक होत नाही. गाडीत कूलंट नव्हता. रस्त्यावर कोणी नव्हतं. आईंना आधाराशिवाय गाडीतून उतरता येत नाही.

मी झाकण लावलं, गाडी चालू केली. गोव्यापर्यंत काटा मध्यावरून हलला नाही. इंजेक्शन झालं.

आता तुम्ही म्हणाल एअरलॉक. निलेशही तेच म्हणाला. हवा अडकली की पाणी खाली गेल्यासारखं दिसतं, मग एकदम वर येतं. बरोबर आहे, येत असेल. पण मी आठवडाभर ओतलेलं पाणी गेलं कुठे? आणि गार का? आणि हिरवं का? त्यावर निलेश म्हणतो, घरी आलो की बोलू. राजन तर विषयच टाळतो. त्या कूलंटचा नमुना मी घेतला नाही, याचा मला अजून राग येतो. हातात रिकामा कॅन होता! आयुष्यभर लोकांचे नमुने घेतले आणि माझ्या वेळेला मला सुचलं नाही. आज गाडी व्यवस्थित आहे. रेडिएटर तोच, बूश जुनेच. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि उगाच काहीतरी सांगणाऱ्यांचं मला पटत नाही.

पण मला झोंबलं ते दुसरंच. परत येताना बांद्याला चहाला थांबलो होतो. आईंच्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे त्या वेळी दोन्ही डोळे बंदच. मी त्यांच्या हातात कप दिला आणि इतके दिवस मनात होतं ते विचारलं. पाणी माझ्याच नावाने का घेतलं? तुमचा देव, तुमचं तळं, तुमच्या नावाने घ्यायचं.

त्यांनी चहा फुंकला. “माझ्या नावान घेतलंय असता तर परत कोण देतला? एक डोळो गेलो, दुसरो जाता. उद्या माका थंय येवची वाट तरी दिसतली काय? माझो भरवसो नाय गो. तुझो आसा.”

 मी कप परत द्यायला म्हणून उठले आणि टपरीच्या मागे जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग त्यांचा हात धरून त्यांना गाडीत बसवलं.