अनोळखी जमावाचं माप

रोशनबीनं तीस वर्षं कोल्हापुरात मिरवणुकीचे अंगरखे शिवले. जयंती कुणाचीही असो, मावळ्यांचे कपडे तिच्याकडचेच. गल्लीतल्या अमरसिंहाचं बारशाचं अंगडंसुद्धा तिच्याच हातचं. त्यामुळं मोबाइलवरच्या कुठल्याशा स्टेटसवरून शहर पेटलं, तेव्हा तिचं दुकान फोडायला तोच सगळ्यांत पुढं होता, हे घरोब्याला धरूनच झालं. पठ्ठ्यानं शिलाई मशीन उचलून रस्त्यावर आपटलं. मशीनवर त्याचाच अंगरखा होता, एकच बाही लावून झालेला. तोही फाटला. शौर्याच्या भरात एवढं बघतंय कोण?

पोलिसांच्या कागदावर 'अनोळखी जमाव' आला. रोशनबीला मशीनपेक्षा तो शब्द जास्त लागला. ज्याच्या खांद्याचं माप तोंडपाठ, तो अनोळखी? त्याचं नाव कुठंतरी लिहिलं जावं, एवढंच तिला हवं होतं.

दोन महिन्यांनी पुण्याहून डॉक्टर ऋतुराज आले, धार्मिक हिंसेचा अभ्यास करायला. इतके विद्वान, की दगडफेकीचं कारण शोधत थेट सातवाहनांपर्यंत पोचले होते.

"सर, अमरसिंह हुता," रोशनबी म्हणाली.

"मावशी, व्यक्ती गौण असते. मुळं प्राचीन असतात."

"आसतील की. पर तुमी दोन हजार वर्सं मागं गेलासा, जरा दोन म्हैनं मागं या. दुकान हितंच हाय." तिनं मापाची वही पुढं केली. अमरसिंहाचं नाव, अंगरखा, तारीख, सगळं त्यात होतं.

डॉक्टरांनी वही चाळली आणि हळहळून परत दिली. फारच अलीकडची होती.

वर्षानं चारशे पानांचं पुस्तक आलं. रोशनबीचं दुकान एका तळटीपेत, अनोळखी जमावासकट. प्रकाशनाला प्रमुख पाहुणे, सामाजिक सलोख्यासाठी, अमरसिंह.

तो जाकीट शिवायला तिच्याकडंच आला. त्याचा एक खांदा उतरता, दुसऱ्या कुणाला जमत नसे.

"चाची, झालं गेलं सोडा. माप घ्या."

वहीत तिनं आधी लिहिलं : अमरसिंह, माझं दुकान फोडणारा. मग छाती बेचाळीस.

"जाकीट पायजे तर खाली सही कर."

अमरसिंहानं वाचलं. कार्यक्रम परवावर आला होता. "तुमची वही वाचतंय कोण, चाची!" म्हणत त्यानं हसत सही ठोकली.

रोशनबीनं वही पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवली. दोन हजार वर्षांनी एखादा डॉक्टर उकरायला येईलच.