बाबांच्या फोटोवरची सही

कोर्बिनियान लेखनरला दोन मुली. थोरली सेन्झी गोठ्यात राहिली, धाकटी रोसविता पडद्यावर गेली.

एकोणिसाव्या वर्षी रोसी बव्हेरियातलं आपलं खेडं सोडून म्युनिकच्या नाट्यशाळेत दाखल झाली. आधी बालनाट्यात बदक झाली, मग साबणाच्या जाहिरातीत नवरी. पुढे एका मालिकेत डोंगरगावच्या सुईणीचं काम मिळालं, ते बावीस वर्षं पुरलं. दर मंगळवारी संध्याकाळी अर्धा देश पाव-सॉसेजची ताटली मांडीवर घेऊन तिच्यापुढे बसायचा. पडद्यावर ती म्हाताऱ्यांचे पाय धुवायची. घरी बाबांचे पाय सेन्झी धुवायची. गावाला हे ठाऊक होतं, आणि रोसीला गावापेक्षा जास्त.

चाहत्यांसाठी तिच्या पिशवीत तिच्या फोटोची छोटी कार्डं असायची. कुणी कार्ड पुढे केलं की हात आपोआप सही करून मोकळा व्हायचा. वर बघायचीही गरज उरली नव्हती.

मार्चमध्ये बाबा गेले. शेवटच्या आजारात ती दोनदाच आली होती, तीही अर्ध्या अर्ध्या दिवसासाठी. आज, अंत्यविधीच्या दिवशी, तिला एकच हवं होतं. शवपेटीमागे सेन्झीच्या शेजारी चालायचं, या घरची मुलगी म्हणून. गावाने आणि सेन्झीने एवढं मान्य करावं.

चर्चच्या दारात सेन्झीने तिच्या हातात गठ्ठा ठेवला. काळ्या कडेची छोटी कार्डं, वर बाबांचा फोटो, खाली जन्ममृत्यूच्या तारखा. लोक ती प्रार्थनेच्या पुस्तकात जपतात आणि दर रविवारी तो चेहरा बघून त्या गेलेल्या माणसासाठी प्रार्थनेचे दोन शब्द म्हणतात.

"एवढं वाटशील? जमेल ना?" सेन्झी म्हणाली.

रोसी एका हाताने कार्डं देत होती, दुसऱ्या हाताने शोकवहीत सही करायला पेन. नजर आत, पेटीवर खिळलेली. शेजारची आफ्राकाकू कार्ड घेऊन गेली, चार पावलांवरून परतली आणि तेच कार्ड तिच्यापुढे धरलं.

"रोसी, चष्मा घरी राहिला गं. बघ जरा..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत पेन चाललं. बाबांच्या कोटावरून आडवं: सप्रेम, तुमची रोसविता.

काकूने कार्ड नाकापाशी नेलं. रांग थांबली.

"अगं बाई! हा कोर्बिनियान आहे. तुझा कार्यक्रम नव्हे."

रोसीचे कान तापले. "काकू, द्या ते इकडे. मी दुसरं देते."

"राहू दे." काकूने कार्ड पुस्तकात घालून पुस्तक मिटलं. "मला फक्त वय विचारायचं होतं. कितीचा होता गं तो?"

रोसीने तोंड उघडलं. एक्याऐंशी? ब्याऐंशी? काही केल्या नक्की आठवेना. सगळ्यांच्या देखत तिने गठ्ठ्यातलं वरचं कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि बापाच्या जन्माचं साल शोधू लागली.

"त्र्याऐंशी," मागून सेन्झी म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर रोसीला बरं वाटलं असतं.

प्रार्थना आटोपली, पेटी उचलली गेली. रोसी खांबाआड सरकली.

"तिथे काय करतेस? चल," सेन्झी म्हणाली.

"तू हो पुढे. मी मागून येते, सगळ्यांबरोबर."

"मुली मागून येत नाहीत. चल, लोक खोळंबलेत."

रोसी निघाली. सेन्झीने शेजारी जागा सोडली होती. त्या जागेत पाऊल टाकायला रोसीला धीर झाला नाही. मान खाली घालून ती कबरीपर्यंत एक पाऊल मागेच चालत राहिली.