कचेरीच्या भिंतीला मारलेलं पाणी

सेलू स्टेशनवर मला पोचवायला आलेले अण्णा माझ्याकडं बघतच नव्हते. फलाटावरच्या नव्या गिलाव्यात नख खुपसून बघत होते. गाडी हलली तेव्हा खिडकीपाशी येऊन म्हणाले, "वाळू लय घातलीय." लेक अमेरिकेला निघालीय आणि बापाला वाळूची पडलीय! जालना येईपर्यंत मी रडले, मग चिडले आणि शेवटी डब्यातली धपाटी खाल्ली.

अण्णा वालूरचे गवंडी. जुन्या चुन्याच्या भिंती दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. मी आर्किटेक्ट झाले, तीही जुन्या इमारती सावरणारी, ती त्यांच्यामुळंच.

आज मी राहते त्या गावात अर्धं वर्ष थंडी असते, ज्वारीचं पीठ आणायला दोन तास गाडी चालवावी लागते आणि चौकात लाल विटांची, घड्याळाच्या मनोऱ्याची कचेरी आहे. इथं तिला कोर्टहाऊस म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या एका आर्किटेक्टनं ती बांधली. तोही परमुलखातून आलेला, सुताराचा मुलगा. आयुष्यभर त्यानं कचेऱ्याच बांधल्या. नकाशा जवळपास एकच, मनोरा मात्र गावागणिक वेगळा. काम चालू असेपर्यंत भाड्याच्या खोलीत राहायचा, घड्याळ बसलं की बिऱ्हाड पुढच्या गावी. स्वतःचं घर काही त्यानं बांधलं नाही. कचेरीच्या दप्तरातले त्याचे कागद वाचताना मी म्हणायचे, बाबा रे, तुझं नि माझं सारखंच आहे.

मधल्या काळात कुण्या शहाण्यानं विटांच्या सांध्यांत सिमेंट भरलं होतं. ओल आत कोंडली, विटांचे पापुद्रे सुटले. काउंटीची समिती, म्हणजे आपली जिल्हा परिषद समजा, इमारत पाडायच्या बेतात होती. सल्ल्याला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, सिमेंट काढून चुना भरू, आधी एक भिंत करून दाखवते. ती टिकली तर कचेरी राहणार, नाहीतर जमीनदोस्त.

ऑक्टोबरात भिंत केली आणि गवंड्याच्या लेकीनं जे करायचं तेच केलं. सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, वर ओली पोती टाकली. आपल्याकडं उन्हानं चुना तडकू नये म्हणून हेच करतात. हात आपोआप चालतात. त्या जुन्या आर्किटेक्टनं कागदावर स्वच्छ लिहून ठेवलं होतं की गारठा सुरू झाला की काम थांबवा, भिंत कोरड्या गवतानं झाका. मी ते वाचलं होतं, कौतुकानं फोटोही काढला होता. पण अण्णांपुढं त्याचं कोण ऐकतंय! चौथ्या रात्री भिंतीतलं पाणी गोठलं. सकाळी गेले तर चुन्याचा भुगा पायरीवर पडलेला.

अण्णांना व्हिडिओ कॉल केला. वाटलं, हळहळतील. त्यांनी भुगा कॅमेऱ्याजवळ धरायला लावला, निरखून बघितला आणि विचारलं, "तिथल्या जुन्या माणसाला इचारलं का?" मी त्या आर्किटेक्टच्या कागदाचं सांगितलं. "तिथली हवा त्याला म्हाईत. मला काय म्हाईत?" आपल्याला माहीत नाही असं अण्णांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. लाज वाटली आणि खरं सांगू, लय हलकंही वाटलं.

समितीपुढं उभी राहिले. सगळं थंडीवर ढकलता आलं असतं. मी सांगितलं की चुना चांगला होता, इमारतही चांगली आहे. मीच माझ्या गावच्या हवामानात काम केलं. पुन्हा एकदा करू द्या, या वेळी मूळ आर्किटेक्टच्या कागदाप्रमाणं. समितीतला एक म्हातारा शेतकरी हसला. त्याच्या आजोबांनीही इथं आल्यावर पहिली पेरणी मागं सोडलेल्या देशाच्या वेळेला केली होती म्हणे. एका मतानं मला पुढचा उन्हाळा मिळाला.

मे महिन्यात भिंत केली. थंडीआधी ती चांगली वाळली, सगळा हिवाळा गवताखाली काढून खणखणीत बाहेर आली. कचेरी राहिली.

तुम्ही वालूरची माणसं विचारता, आता तुझं घर कोणतं? माझ्यासारखे बाहेर पडलेलेही फोनवर तेच विचारतात. मला नेमकं सांगता येत नाही. एवढंच कळतं की पूर्वी पहिला गारठा पडला की मी आधी अण्णांना फोन करायचे. आता आधी चौकात जाऊन भिंत बघून येते, मग फोन. हे त्यांना घाबरत घाबरतच सांगितलं.

अण्णा म्हणाले, "असंच पायजे, माय."